बाबाने बांधलेली स्टिक

हॉकीने तुम्हाला काय शिकवलं, असं कुणी विचारलं की माझं डोकं सणकतं. विचारणारे बहुतेक कुठल्या तरी शाळेचे मुख्याध्यापक असतात, नाहीतर एखाद्या मंडळाचे सेक्रेटरी. मला स्टेजवर बसवतात, हातात गुच्छ देतात आणि समोरच्या मुलींना सांगतात, बघा, प्रतिकूल परिस्थितीवर मात करून या किती पुढे गेल्या. मग माईक माझ्याकडे येतो. मी देशासाठी खेळले, हे खरं आहे. पण ही परिस्थिती नावाची बाई मला आयुष्यात कुठे भेटली नाही. मला माणसं भेटली. त्यांना चेहरे होते, चष्मे होते, इस्त्रीचे कपडे होते, आणि त्यातल्या एकाच्या खिशात पांढराशुभ्र हातरुमाल होता. त्या माणसाबद्दल मी स्टेजवर बोलत नाही. इथे बोलणार आहे.

आमचं घर मढच्या कोळीवाड्यात. बाबाची स्वतःची होडी होती आणि आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. शाळाही अंधेरीलाच. रोज सकाळी तरीने खाडी ओलांडायची, वेसाव्याला उतरायचं आणि तिथून बस. साठचं दशक अर्धं सरलं होतं. शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी मुलींचा हॉकीचा संघ काढला आणि मला सेंटर हाफला उभं केलं. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं, समोरून येणाऱ्याला अडवायचं आणि आपल्यांना चेंडू द्यायचा. मला ते जन्मजात जमलं. कुणी अंगावर धावून आलं की मी मागे सरत नसे.

शाळेतला सराव मला पुरायचा नाही. वाड्यात मासळी सुकवायचं खळं होतं. पाऊस सरला की बायका ते शेणामातीने चोपून, सारवून असं गुळगुळीत करायच्या की त्यावर चेंडू अजिबात उडत नसे. सुकवायचा जवळा, म्हणजे ती बारीक कोळंबी, पसरला जाईपर्यंत ते खळं माझं. एकदा जवळा पसरला की आजूबाजूच्या काकवा झाडू घेऊन मागे लागायच्या. मग मी ओहोटीची वाट बघायची. पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते, तिच्यावर मी एकटीच स्टिक घेऊन पळायची. बाईंना नवल वाटे की ही पोरगी कधी पहाटे सराव करते, कधी भर दुपारी. त्या अंधेरीत वाढलेल्या, त्यांच्या घड्याळात भरती-ओहोटी नव्हती.

हॉकीचा तोकडा स्कर्ट घालून मी वाड्यातून चालत जायची तेव्हा कुणी वळूनही बघत नसे. का बघावं? आमच्या बायकांचं लुगडं गुडघ्याच्या वरच असतं, त्याशिवाय चिखलात उतरणार कशा? बोंब मारली ती शाळेजवळच्या सोसायट्यांतल्या आयांनी. ‘मुलींचे पाय दिसतात,’ म्हणून तक्रार घेऊन त्या शाळेत आल्या होत्या. त्यातल्या निम्म्या माझ्या आईकडून रोज मासळी घ्यायच्या आणि आईचे पाय त्यांना कधी खुपले नव्हते. तेव्हाही मला राग आला होता. बाई म्हणाल्या, ‘डोकं थंड ठेव गं. तुझा खेळ चांगला आहे, पण एक दिवस हा राग तुझी वाट लावेल.’

राग मी बाबाकडून घेतला. बाबा वाड्यात प्रसिद्ध होता. त्याच्या होडीच्या दोराला न विचारता कुणी हात लावला तरी तो समोरच्याच्या सात पिढ्या काढायचा. मासे उतरवताना दलालाने मान जरा तिरकी केली तरी बाबा बाह्या सरसावून उभा. आई म्हणायची, बापूस नि लेक एकाच मातीचे, माझं नशीबच फुटकं.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना मुंबईच्या संघाची निवड चाचणी ठरली. या संघात आलं की राष्ट्रीय स्पर्धेला जायला मिळायचं. बाईंनी माझं नाव पाठवलं. आणि घाटकोपरच्या एका शाळेशी सरावाचा सामना खेळताना माझी स्टिक तडकली. मूठ जिथे खालच्या लाकडात बसते, नेमकी तिथे लांब चीर गेली. ती आईने नवी कोरी घेऊन दिलेली होती. दुसरी घ्यायची सोय नव्हती. पावसाळाभर होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली पडलेल्या असतात, त्या दिवसांत कोळ्याच्या घरात पैसा कुठला?

बाबा तेव्हा होडी दुरुस्त करत बसला होता. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, म्हणजे सगळं सामान बाहेर काढलेलं. जाळ्याचं सूत, डांबर, लाकडाला चोपडायचं माशाचं तेल. मी चीर दाखवली. त्याने स्टिक हातात घेतली, उन्हात धरून पाहिली आणि म्हणाला, ‘वल्हा तुटला तं काय आमी नवा आनतो? दे इकडं.’

मग त्याने ती वल्ह्यासारखी बांधली. चिरेत डांबर भरलं. वरून सुताचे वेढे घेतले, एकाला एक चिकटून, प्रत्येक वेढा दातात धरून ताणायचा आणि पुढचा टाकायचा. मुठीपासून थेट खालच्या वाकापर्यंत. एकावर एक असे थर. शेवटी सगळ्याला माशाचं तेल पाजलं आणि उन्हात ठेवली. पौर्णिमेला होडीची पूजा झाली तेव्हा होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावलं, तसं स्टिकलाही लावलं. ‘आता दर्यात टाकलीस तरी काय नाय व्हयाचा तिला,’ म्हणाला. स्टिक जड झाली होती, पण पोलादासारखी घट्ट होती. मला ती जगातली सगळ्यात सुंदर स्टिक वाटली. स्टिक किती जाड असावी याचा काही नियम असतो हे त्याला ठाऊक नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. शाळेच्या सामन्यांत कुणी काही तपासतच नसे.

चाचणी अंधेरीतच होती, एका मोठ्या शाळेच्या मैदानावर. आलेल्या बहुतेक मुली कॉन्व्हेंटच्या. इंग्रजीत चिवचिवाट चाललेला, प्रत्येकीच्या बॅगेत दोन-दोन स्टिक. निवड समितीतले एक गृहस्थ टेबलामागे बसले होते. त्यांच्यासमोर एक लोखंडी कडं होतं. प्रत्येक मुलीची स्टिक त्या कड्यातून जायला हवी, असा नियम. गेली तर चालेल, अडकली तर ती स्टिक बाद.

माझ्या पुढे एक उंच मुलगी होती. तिने मुठीच्या खाली रबराची जाड पट्टी गुंडाळलेली. स्टिक अर्ध्यावर अडकली. गृहस्थ हसले, अंगठ्याने पट्टी दाबत दाबत त्यांनी ती कड्यातून पलीकडे काढली आणि म्हणाले, ‘गुड लक, बेटा.’ हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढचं सगळं सांगताना मी हे आधी सांगते, कारण नियम तो नियम, असं मला खूप जणांनी ऐकवलं.

मग माझी पाळी आली. त्यांनी स्टिक उचलली आणि लगेच खाली ठेवली. हात नाकाशी नेला. खिशातून तो पांढराशुभ्र रुमाल काढला, तो बोटांवर घेतला आणि रुमालातून स्टिक धरली. कड्यात घातली. अडकली. दाबून बघणं दूरच, त्यांनी ती तशीच कड्यासकट वर उचलून सगळ्यांना दाखवली.

‘ये क्या लेके आई है? हॉकी खेलने आई है या मच्छी पकडने?’

सगळे हसले. रांगेतल्या मुली हसल्या, टेबलाजवळचे लोक हसले.  मी म्हटलं, ‘तिची पण अडकली होती. तुम्ही दाबून काढली.’ ते म्हणाले, दुसरी स्टिक आण, नाहीतर घरी जा. मी बॅगांकडे गेले. एकीने सांगितलं, माझ्या दोन्ही लागतात. दुसरी म्हणाली, ‘नको यार, वास लागेल.’ तिसरीला मी विचारलंच नाही.

बाईंनी माझा दंड धरला. नाहीतर मी त्या टेबलाकडे परत गेले असते आणि कडं त्या माणसाच्या कपाळावर घातलं असतं. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. खरंच घातलं असतं. मैदानाच्या कडेला माळी गवत कापत होता. मी त्याच्याकडून विळा घेतला आणि खाली बसून बाबाने घातलेले वेढे कापायला लागले. ते तुटेनात. इतकं घट्ट बांधलं होतं त्याने. एकेक वेढा विळ्याने खरवडून काढावा लागला. डांबराने माझे हात काळे झाले आणि मी रडत होते, रागाने. सगळं सूत निघालं तेव्हा स्टिक कड्यातून गेली. चीर मात्र आता उघडी पडली होती.

मी तशीच खेळले. चेंडू मारला की चीर मिटायची आणि तळव्याचं कातडं चिमटीत धरायची. माझी निवड झाली. समितीत आणखी दोघे होते, त्यांनी बहुधा नाव रेटलं असावं. लोकांना या ठिकाणी माझं कौतुक वाटतं. तुटक्या स्टिकने खेळली, वा! अरे, वा काय त्यात? मला धड स्टिक मिळाली असती तर मी त्याहून चांगली खेळले असते. हाताला जखमा झाल्याने खेळ सुधारतो असं मला अजून तरी आढळलेलं नाही.

घरी गेले तर बाबा धक्क्यावरच उभा. तोंड बघून त्याला कळलं की निवड झाली. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘काठी कशी चालली?’

‘एकदम झकास,’ मी म्हटलं. ‘शेवटपर्यंत टिकली, मग मोडली. बाईंनी ठेवून घेतली.’

दुसरं काय सांगणार होते? त्याने वाड्यात सगळ्यांना सांगितलं की माझ्या बांधणीवर पोरगी मुंबईच्या संघात गेली. मग वाड्यातली पोरं क्रिकेटच्या बॅटी घेऊन त्याच्याकडे यायला लागली. कुणाच्या छत्रीची मूठ, कुणाचा कॅरमचा स्टँड. बाबा सगळ्याला सूत गुंडाळून द्यायचा. संध्याकाळी तो ओट्यावर बसून वेढे टाकत असला की मला आत घरात बसवत नसे, इतका त्या गृहस्थांचा संताप यायचा.

पुढची काही वर्षं मी मुंबईकडून खेळले. शिबिरात माझी खाट दाराजवळ, वाऱ्याच्या तोंडाशी असायची, का ते कुणी उघड बोलत नसे. मी मैदानात वसूल करायची. ज्या मुलीने वास लागेल म्हटलं होतं तिच्याकडून सरावात चेंडू काढून घेण्यात मला जो आनंद व्हायचा तो पदक मिळूनही झाला नाही. सत्तरचं दशक सुरू झालं आणि देशाच्या संघाच्या शिबिराला माझं नाव आलं. परदेश दौरा ठरत होता. शिबिर संपलं, आणि अंतिम यादी काही दिवसांत लागायची होती. तेच गृहस्थ आता वर चढून त्या निवड समितीत बसले होते.

नेमक्या त्याच आठवड्यात अंधेरीतल्या एका क्रीडा मंडळाने माझा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे तेच. बाईंनी मला घरी बोलावून बजावलं. ‘हे बघ, यादी अजून लागलेली नाही. ते काय बोलतील ते बोलू दे. तू फक्त हसायचं. एक शब्द बोललीस तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात जाईल. कळलं ना?’ घरी येऊन मी हे आईला सांगितलं तेव्हा बाबा शेजारी जाळं विणत बसला होता. 

सत्काराला आई-बाबा दोघं आले. आई नव्या लुगड्यात, दागिने घालून. बाबा चौकड्यांचा सुरका, कोळ्यांचं कमरेचं फडकं, नेसून, वर पांढरा सदरा. आईने पँट शिवून घे म्हणून किती सांगितलं, पण सुरक्याशिवाय तो कधी कुठे गेला नव्हता. आयोजकांनी त्यांना पुढच्याच रांगांत बसवलं. मी स्टेजवर होते, शेजारी बाई.

गृहस्थ इंग्रजीत बोलायला उभे राहिले. आधी मुलींना चिकाटीचं महत्त्व सांगितलं. मग म्हणाले, मी तुम्हाला एक गंमत सांगतो. आणि त्यांनी त्या स्टिकची गोष्ट सांगितली. ती इतकी घाण वास मारत होती, म्हणाले, की मैदानावरच्या सगळ्या मांजरी हिच्या मागे लागल्या होत्या. मांजर एकही नव्हतं. त्यांनी दोन बोटांचं कडं करून दाखवलं, दुसऱ्या हाताचं बोट त्यात अडकवून दाखवलं, नाक चिमटीत धरून दाखवलं. सभागृह पोट धरून हसत होतं. अंगठ्याने दाबून काढलेल्या त्या दुसऱ्या स्टिकबद्दल अर्थातच एक अक्षर नाही. ‘आणि ती स्टिक बनवणारे महान इंजिनियर आज आपल्यात हजर आहेत,’ ते म्हणाले आणि बाबाकडे बोट केलं. ‘अशा अडाणीपणावर मात करून ही मुलगी इथवर आली. याला म्हणतात जिद्द.’

सगळ्यांच्या माना बाबाकडे वळल्या.

माझी खुर्ची मागे सरकली, तिचा लाकडी फळ्यांवर मोठा आवाज झाला. बाईंनी माझं मनगट पकडलं होतं, ते मी झटकलं. काय बोलायचं ते माझ्या तोंडात तयार होतं, मराठीत, आमच्या वाड्याच्या मराठीत. यादी गेली तर गेली खड्ड्यात, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा.

तेवढ्यात बाबा उभा राहिला. सावकाश वळला, सगळ्या सभागृहाकडे तोंड केलं, आणि हसत हसत हात जोडले. मग स्टेजकडे वळून त्या गृहस्थांनाही हात जोडले, वाकून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याला वाटलं असणार की आपली तारीफ चालली आहे. मी त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मी खाली बसले. गृहस्थांनी शाल घातली, नारळ दिला, फोटो काढला. मी हसले.

परतताना वेसाव्याहून बाबाच्याच होडीतून आलो. ऊन उतरलं होतं. आई पुढे बसून दागिने काढून फडक्यात बांधत होती. खाडीच्या मध्यावर आल्यावर बाबाने विचारलं, ‘तो मानूस काय बोलला माझ्याविषयी?’

‘तुझी तारीफ केली,’ मी म्हटलं. ‘स्टिक किती मजबूत बांधली होतीस ते सांगत होता.’

‘खोटा बोलू नको, बाय. कड्यातशी गेली नाय ना काठी? तो हातानं दाखवत व्हता. बांधनी जाड झाली माझी.’

 मग माझा इतका वेळ दाबलेला राग त्याच्यावरच निघाला. ‘तुला सगळं कळत होतं? नाक धरून दाखवलं ते पण? मग उभा कशाला राहिलास? हात कशाला जोडलेस त्या मेल्याला? दोरीला कुणी हात लावला तर तू माणसं मारायला उठतोस!’

बाबा वल्हवायचा थांबला नाही. ‘तुझी खुर्ची वाजली, ती मी ऐकली,’ तो म्हणाला. ‘तू उठली अस्तीस तं तुझा नाव गेला असता. म्हनून मी आधी उठलू.’

आईने फडक्याची गाठ घट्ट मारली. 

यादीत माझं नाव आलं. मी दौऱ्यावर गेले, चांगली खेळले, पुढेही बरीच वर्षं खेळले. त्याच जोरावर नोकरी लागली, आईला बाजारात बसणं सोडता आलं. बाबाने त्यानंतर कुणाची बॅट बांधली नाही. पोरं यायची, तो म्हणायचा, हात दुखतो. तो गेला त्यालाही आता खूप वर्षं झाली.

आणि अजून मला बोलावतात. यशाचं रहस्य काय, विचारतात. मी सराव सांगते, आहार सांगते, पहाटे उठणं सांगते. माझ्या बापाने भर सभेत त्या माणसासमोर वाकून हात जोडले म्हणून माझं नाव यादीत राहिलं, हे मात्र मी कुठल्याही स्टेजवरून सांगत नाही. कारण मला माहीत आहे, सांगितलं तर ते टाळ्या वाजवतील.